एका ग्रॅममध्ये 54 वर्षं

सासूबाईंना रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी लागते, 50 मायक्रोग्रॅमची. वर्षभराच्या गोळ्यांतलं औषध एकत्र केलं तर ते भरतं 18 मिलिग्रॅमहून किंचित जास्त. म्हणजे एक ग्रॅम थायरॉक्सिन एका माणसाला 54 वर्षं पुरतं. चिमटीत मावेल एवढ्या पुडीत एका बाईचं तिच्या लग्नापासून नातवंडांच्या लग्नापर्यंतचं आयुष्य सामावतं! आपण गिळतो ती गोळी जवळजवळ सगळी औषधाला आकार देणाऱ्या भरणाची असते. आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या औषधासाठी भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या घरातून कुणीतरी निघतं, धामणकर नाक्याच्या गर्दीतून वाट काढतं, मेडिकलच्या काउंटरशी उभं राहतं आणि ऐकतं, ‘काकू, पन्नासची शॉर्ट आहे. पंचवीसची देऊ का, दोन-दोन घ्या? नाहीतर सोमवारी चक्कर टाका.’

बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स, हृदय यांपैकी एखादं दुखणं घरात कायमचं राहायला आलेलं असेल, तर ही सोमवारची चक्कर तुमच्याही ओळखीची असेल. चिठ्ठी जुनी झाली, डॉक्टर गावाला गेलेत, माल आला नाही, कंपनीनं पॅकिंग बदललं, स्ट्रिप तोडून मिळणार नाही. माणूस चिडतो, आणि ते चिडणं अगदी रास्त आहे. पण त्या चिडचिडीच्या मागे काय काय दडलंय हे शोधत गेले, तेव्हा मी थक्क झाले. रोजची गोळी रोजच का लागते याचं उत्तर आपल्या रक्तात आहे. ती वेळेवर का मिळत नाही याचं उत्तर बऱ्याच अंशी आमच्या भिवंडीच्या वेशीवर आहे.

थायरॉइडचं औषध वर्षानुवर्षं घेणारं पहिलं माणूस शोधायला गेलं की आपण 1891 सालच्या इंग्लंडात, न्यूकॅसलला पोचतो. जॉर्ज मरे नावाचा तरुण डॉक्टर आणि त्याच्यापुढे 46 वर्षांची एक बाई. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाली मंदावलेल्या, थंडी अजिबात सोसवत नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करेनाशी झाली की असं होतं, इतपत तोवर कळलं होतं. मरेनं मेंढीच्या गळ्यातली ती ग्रंथी मिळवली, तिचा अर्क काढला आणि त्या बाईला टोचला. काही महिन्यांत बाई पुन्हा माणसांत आली. अर्क टोचण्याऐवजी पोटात दिला तरी चालतो हेही पुढे लक्षात आलं, आणि मग तो परिपाठ थेट 28 वर्षं चालला. 1919 मध्ये ती गेली तेव्हा तिचं वय होतं 74. मरेनं दुसऱ्या वर्षी तिच्या औषधाचा सगळा हिशोब छापला: नऊ पाइंटांहून जास्त, म्हणजे पाच लिटरांवर अर्क, आणि त्यासाठी लागलेल्या ग्रंथी 870 हून अधिक मेंढ्यांच्या.

मी या आकड्यापाशी थांबले. 28 वर्षं कुणीतरी खाटकाकडून ग्रंथी आणल्या, कुणीतरी त्या कुटून गाळल्या, कुणीतरी बाटली भरली. आजाराचं निदान एका भेटीत झालं असेल; जीव जगवला तो या न चुकलेल्या फेऱ्यांनी.

नंतर शास्त्रज्ञांनी मेंढीला या गोष्टीतून सोडवलं, पण आधी पाळी आली डुकरांची. 25 डिसेंबर 1914 रोजी, नाताळच्या दिवशी, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यानं थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले. पुढे सुमारे तीन टन ग्रंथींमधून त्याच्या हाती आलं अवघं 33 ग्रॅम. 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवलं. आज सासूबाईंच्या गोळीत आहे तो रेणू आपल्या गळ्यात तयार होणाऱ्या रेणूसारखा नाही, तो तोच आहे. शरीराला दोघांत फरक करताच येत नाही.

मग एवढंसं औषध पुरतं कसं? कारण थायरॉक्सिन शरीरातून फार हळू जातं. रक्तातलं निम्मं जायला जवळपास सात दिवस लागतात. आजची गोळी रक्तात मिसळते तेव्हा गेल्या आठवड्यातल्या गोळ्यांचा मोठा अंश तिथे अजून कामावर असतो. सासूबाईंच्या डब्यात तिच्या शेजारीच शुगरची मेटफॉर्मिन असते. तिचं वागणं नेमकं उलटं. यकृत तिच्यात काही बदल करत नाही, मूत्रपिंडं तिला आहे तशी बाहेर काढतात, आणि सहाएक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून ती दिवसातून दोनदा, 500 मिलिग्रॅमची. वर्षाचे 365 ग्रॅम. एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात शेजारी-शेजारी बसलेल्या या दोन औषधांच्या रोजच्या मात्रेत वीस हजार पटींचं अंतर आहे.

पण मला सगळ्यात चकित केलं ते अ‍ॅस्पिरिननं. हृदयासाठी देतात ती 75 मिलिग्रॅमची लहान गोळी. ती रक्तात अ‍ॅस्पिरिन म्हणून टिकते जेमतेम 15 ते 20 मिनिटं, तेवढ्यात निम्मी दुसऱ्याच रूपात जाते. मग 24 तासांसाठी एक कशी पुरते? ते जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1971 मध्ये दाखवलेल्या वाटेनं उलगडत गेलं. त्याला 1982 चं नोबेल मिळालं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट नावाच्या पेशींमध्ये एक विकर असतं. अ‍ॅस्पिरिन त्या विकराला जाता जाता कायमचं निकामी करून जातं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं विकर बनवण्याची सोयच तिच्याकडे नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. मग उद्याची गोळी कशाला? कारण शरीर रोज सुमारे 100 अब्ज नव्या प्लेटलेट रक्तात सोडतं, आणि त्यांची अजून अ‍ॅस्पिरिनशी गाठ पडलेली नसते. कालची गोळी कालच्या प्लेटलेटसाठी होती. आजची आज जन्मलेल्यांसाठी आहे.

रोजची गोळी ही डॉक्टरांची सवय नाही की कंपनीची युक्ती नाही. शरीर रोज काहीतरी नवं घडवतं, रोज काहीतरी बाहेर टाकतं, आणि गोळी त्या वेगाला बांधलेली असते. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनला निम्मं व्हायला 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे ती थोडी सांभाळून घेते. सगळी औषधं अशी दयाळू नसतात. फिट्सची गोळी अचानक बंद पडली की फिट येऊ शकते. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी हृदयाची गती आवरणारी औषधं एकदम तुटली तर छातीत कळ उठू शकते. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाचं रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिनोकुमारॉल आठ ते अकरा तासांत निम्मी होते. त्याच कुळातल्या वॉरफरिनला मात्र दीड दिवसाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून ‘ही नाही, ती घ्या’ हे वाक्य या दोन गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांशिवाय कुणीही उच्चारू नये. आणि वर थायरॉक्सिनबद्दल जे लिहिलं ते गोळी चुकवायला दिलेली सूट समजू नका. औषध आलं नाही तर घाबरून न जाता धावपळ कुठल्या गोळीसाठी आधी करायची, हे कळावं म्हणून ते लिहिलं.

आता डब्याकडून पाकिटांकडे येऊ. थायरॉइडची बाटली 120 गोळ्यांची. अ‍ॅस्पिरिनच्या स्ट्रिपमध्ये 14. अ‍ॅम्लोडिपिन 15 ची. मेटफॉर्मिन 10 ची, दिवसाला दोन, म्हणजे पाच दिवसांची. समजा आज चारही औषधांची नवी पाकिटं एकदमच फोडली आणि प्रत्येक औषध संपेल तसं एकेक नवं पाकीट आणत गेलो. चारही औषधं पुन्हा एकाच दिवशी कधी संपतील? शाळेत लसावि शिकताना याचा उपयोग काय असं वाटायचं. 120, 14, 15 आणि 5 यांचा लसावि आहे 840. म्हणजे सव्वादोन वर्षांनी एकदा! मधल्या सगळ्या काळात दर थोड्या दिवसांनी काहीतरी एक संपत असतं. ‘कालच तर मेडिकलमध्ये गेलो होतो’ असं घरात म्हटलं जातं त्याचं कारण कुणाचा निष्काळजीपणा नाही, 14 आणि 15 हे आकडे आहेत.

मेडिकलमध्ये पोचल्यावर प्रश्न येतो चिठ्ठीचा. ‘ही तीन महिन्यांपूर्वीची आहे’ असं म्हणून काउंटरवरचा माणूस चिठ्ठी परत सरकवतो तेव्हा तो अडवणूक करतोय असं वाटतं. पण 1945 च्या औषध नियमावलीत लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे. अनुसूची एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं असेल तरच पुन्हा द्यायचं. किती वेळा किंवा किती अंतरानं द्यायचं हे लिहिलं असेल, तर नेमकं तेवढ्याच वेळा, तेवढ्याच अंतरानं. प्रत्येक वेळी दुकानदारानं डॉक्टरांच्या सहीच्या वर आपलं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. थायरॉइड, बीपी, शुगर यांच्या अनेक गोळ्यांवर लाल रेघ आणि इशारा असतोच.

म्हणजे वारंवार लागणाऱ्या औषधासाठी कायद्यात दार ठेवलेलं आहे, आणि ते फार जुनं आहे. ‘दर महिन्याला, सहा वेळा पुन्हा द्यावे’ एवढी एक ओळ डॉक्टरांनी लिहिली की सहा महिन्यांचा प्रश्न नियमानुसार सुटतो. ही ओळ मात्र चिठ्ठ्यांवर क्वचितच दिसते. त्याला कारणंही आहेत. मेटफॉर्मिन घेणाऱ्याची मूत्रपिंडं मधूनमधून तपासावी लागतात, थायरॉइडची मात्रा बदलली की सहा-आठ आठवड्यांनी रक्ततपासणी लागते, आणि रुग्ण तपासणीला यावा म्हणून चिठ्ठी छोटी ठेवणं हा एक मार्ग असतो. मला तो पटत नाही. तपासणीची तारीख आणि गोळीची तारीख वेगळ्या ठेवता येतात. ज्याची तपासणी लांबली त्याची गोळीही तुटावी, यात रुग्णाचं दुहेरी नुकसान आहे.

त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे. चिठ्ठीत लिहिलेल्या अनुसूची एचच्या औषधाऐवजी दुकानदारानं दुसरं देऊ नये, त्यात तेच द्रव्य असलं तरीही. ‘कंटेंट सेम आहे, कंपनी वेगळी’ हे रोज ऐकू येणारं वाक्य त्या कलमाच्या काठावर उभं असतं. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत ते वाक्य खरंही असतं. पण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल आणि तो ब्रँड शॉर्ट असेल, तर प्रामाणिक दुकानदार कोंडीत सापडतो. औषधं मूळ नावानं लिहावीत असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट 2023 मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. त्या थोड्या दिवसांत या कोंडीची चर्चा झाली, मग ती विरली.

झोपेच्या, मानसिक आजारांच्या काही औषधांचं तर त्याहून अवघड. 1 मार्च 2014 पासून अनुसूची एच-वन लागू झाली: 46 औषधं, त्यांची वेगळी नोंदवही, रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, आणि ती वही तीन वर्षं जपायची. अल्प्राझोलम, ट्रॅमाडॉल, कोडीन या यादीत आहेत. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचे साठे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या भिवंडीला नव्या नाहीत. नशेसाठी होणारी ती विक्री रोखलीच पाहिजे. पण त्याची झळ कुणाला बसते तर घरातल्या आजारी भावासाठी खरीखुरी चिठ्ठी घेऊन आलेल्या बहिणीला. तिच्याकडे काउंटरवरून ज्या नजरेनं बघितलं जातं, ती नजर कुठल्याही नियमात लिहिलेली नाही.

आणि आता वेशीवरची गोष्ट.

अंजूर फाट्याकडून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली अशा कुठल्याही गावच्या रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. त्यांच्यात औषध कंपन्यांचेही डेपो आहेत. व्यापाराच्या भाषेत सी अँड एफ. हिमाचलातल्या बद्दीत, सिक्कीममध्ये, गुजरातेत, गोव्यात बनलेली औषधं ट्रकनं इथे येतात आणि इथून महाराष्ट्रात पसरतात. ज्या गोळीसाठी भिवंडीचा माणूस भिवंडीच्या काउंटरवर ताटकळतो, तिची खोकी त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर रचलेली असू शकतात.

ती इथेच का आली? याचं उत्तर औषधशास्त्रात नाही, करांत आहे. 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की कर बसायचा. पण कंपनीनं आपलाच माल दुसऱ्या राज्यातल्या आपल्याच गोदामात हलवला तर ती विक्री ठरत नसे. म्हणून प्रत्येक कंपनीनं राज्याराज्यांत एकेक डेपो उघडला. महाराष्ट्राचा डेपो मुंबईत ठेवावा, तर शहराच्या सीमेवर जकात. भिवंडीच्या भोवतालच्या ग्रामपंचायती जकातीच्या रेषेबाहेर, जमीन स्वस्त, नाशिकचा महामार्ग उशाशी, मुंबई आणि ठाणे हाकेच्या अंतरावर. भातशेतीच्या जागी पत्र्याची छपरं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, विक्रीकराचं ते गणितही गेलं. तोवर गोदामांची मुळं खोलवर गेली होती, ती राहिली.

डेपोतून गोळी थेट दुकानात येत नाही. घाऊक विक्रीचा परवाना वेगळा, किरकोळीचा वेगळा. डेपोकडून स्टॉकिस्टकडे, स्टॉकिस्टकडून मेडिकलमध्ये असा तिचा मार्ग. स्टॉकिस्ट कल्याणचा, ठाण्याचा किंवा मुंबईचा असेल, तर वळच्या गोदामातून निघालेलं खोकं खाडी ओलांडून जातं आणि त्यातली एक बाटली पुन्हा खाडी ओलांडून धामणकर नाक्याला येते. चांगल्या गोदामात खोकी बाहेर पडतात ती आली त्या क्रमानं नव्हे. ज्याची मुदत आधी संपणार ते खोकं आधी निघतं. हजारो औषधं, प्रत्येकाचे बॅच नंबर, प्रत्येकाची मुदत, आणि त्यातून नेमकं खोकं नेमक्या ट्रकात चढवणारी माणसं. त्यांचं काम जवळून पाहिलं तर कुणालाही अभिमान वाटेल.

तरीही बाटली शॉर्ट का पडते? थायरॉक्सिन एकट्याच्याच 12.5 पासून 150 मायक्रोग्रॅमपर्यंत डझनभर मात्रा बाजारात आहेत. छोट्या दुकानदाराला प्रत्येक मात्रेत भांडवल अडकवणं परवडत नाही, म्हणून तो विक्री पाहून मागणी नोंदवतो. आता सासूबाईंसारखं गिऱ्हाईक घ्या. 120 ची बाटली नेली की ते चार महिने फिरकत नाही. दुकानाच्या नोंदीत ती बाटली ‘न खपणारी’ दिसते, आणि ज्या आठवड्यात ते परत येतं त्याच आठवड्यात फळी रिकामी असते. सर्दीच्या गोळीची मागणी हवामान पाहून ओळखावी लागते. कायमच्या औषधाची मागणी मात्र आधीच लिहून ठेवलेली असते: कोण, कुठली मात्रा, कुठल्या तारखेला. साऱ्या औषध व्यापारात यापेक्षा खात्रीची मागणी दुसरी नाही, आणि नेमकी तीच कुठे टिपून ठेवलेली नसते.

सरकारी दवाखान्यांची गोष्ट पैशानं सोपी आहे, पुरवठ्यानं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत झालं. भिवंडीसारख्या गावात याचं मोल मोठं. यंत्रमागावर मजुरी मीटरवर मिळते. ओपीडीच्या रांगेत गेलेल्या सकाळचं कापड विणलं जात नाही आणि तिची मजुरीही मिळत नाही. अशा माणसाला मोफत गोळी आठ-दहा दिवसांचीच मिळाली, तर ती त्याला महिन्यातून तीन खाड्यांना पडते. आणि ‘बाहेरून आणा’ असं सांगितलं गेलं, तर ती मोफतही राहत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत तर पुरवठा तुटणं परवडणारंच नाही. आतड्यातला साधा जिवाणू चांगल्या परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात. औषधं जंतूवर नीट घाव घालतात तो वाढत असताना, आणि हा जंतू संथ, लपून राहणारा. म्हणून सहा महिने, रोज. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या क्षयरोग विभागानं राज्यांना कळवलं की पुरवठा लांबू शकतो, तीन महिन्यांपुरती औषधं स्थानिक पातळीवर खरेदी करा. सहा महिन्यांच्या उपचारात तीन महिन्यांची अनिश्चितता काय करते, हे ज्यांच्या घरात क्षयाच्या औषधांचा डबा होता त्यांनाच माहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 मध्ये दीर्घ आजारांच्या औषधांवर एक अहवाल काढला. श्रीमंत देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं त्यात म्हटलं होतं. हा आकडा वाचला की बोट रुग्णाकडे जातं: विसराळू, हट्टी, बेफिकीर. पण महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला, त्यानं बोट दुसरीकडे वळवलं. नोव्हेंबर 2017 मध्ये देशातल्या 25 जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडचे जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्यात नवं औषध एकही नव्हतं. मोजकीच औषधं ठरवली, ती केंद्रावर असतील याची काळजी घेतली, महिन्याभराची एकदम द्यायला सुरुवात केली, आणि आला नाही त्याला फोन केला. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तामिळनाडूनं 5 ऑगस्ट 2021 पासून बीपी-शुगरच्या गोळ्या आरोग्यसेविकांकरवी घरीच पोचवायला घेतल्या. गोळी वेळेवर हाताशी आली की तथाकथित बेफिकीर माणसं ती घेतात.

आपल्याकडेही एकदा हे एका आठवड्यात जमलं होतं. 25 मार्च 2020 ला, टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, दूरध्वनीवरून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. जुन्या रुग्णाला तेच औषध पुन्हा लिहून द्यायची सोय त्यांत होती. दुसऱ्याच दिवशी औषध घरपोच देण्याची अधिसूचना आली. दीर्घ आजाराची चिठ्ठी 30 दिवसांच्या आत दुकानात पोचावी, आणि दुकान व घर एकाच महसुली जिल्ह्यात असावं, एवढ्या तिच्या ठळक अटी. कल्याणच्या दुकानातून भिवंडीला औषध येऊ शकत होतं, मुलुंडच्या दुकानातून नाही.

चार औषधांच्या त्या 840 दिवसांच्या चक्रातून सुटायला मात्र कुठल्याही अधिसूचनेची गरज नाही. 2013 च्या औषध किंमत आदेशानुसार सुटी गोळी पाकिटाच्या भावाच्या प्रमाणातच विकावी लागते, जास्तीनं नाही. म्हणजे स्ट्रिप तोडून घेण्यात तुमचा तोटा नाही. फक्त बॅच आणि मुदत छापलेला तुकडा कुठल्या हातात जातो तेवढं पाहा आणि आपल्या पाकिटावर मुदत लिहून घ्या. डॉक्टरांकडून ‘पुन्हा द्यावे’ ही ओळ, वेळा आणि अंतर यांसह, लिहून घेतलेली असावी. मग एक दिवस सगळी पाकिटं टेबलावर ओता.

समजा, थायरॉइडच्या बाटलीत 46 गोळ्या उरल्यात, अ‍ॅस्पिरिनच्या नऊ, अ‍ॅम्लोडिपिनच्या चार, आणि मेटफॉर्मिन सहा दिवसांची. बाटली सगळ्यात लांब पुरणार, तिलाच प्रमाण धरा. मेडिकलवाल्याला सांगा: अ‍ॅस्पिरिन 37, म्हणजे दोन स्ट्रिप आणि नऊ सुट्या. अ‍ॅम्लोडिपिन 42, दोन स्ट्रिप आणि बारा सुट्या. मेटफॉर्मिन 80, आठ स्ट्रिप. सेहेचाळिसाव्या रात्री चारही औषधं एकदम संपतात. त्याच्या आठवडाभर आधी पुढच्या 120 दिवसांची यादी दुकानात देऊन ठेवा, म्हणजे स्टॉकिस्टकडून माल यायला त्याला वेळ मिळेल: थायरॉइडची एक बाटली, अ‍ॅम्लोडिपिनच्या आठ स्ट्रिप, मेटफॉर्मिनच्या 24, आणि अ‍ॅस्पिरिनच्या आठ पूर्ण, नवव्या स्ट्रिपमधल्या फक्त आठ गोळ्या कापून.